आपले धान्य, आपल्या मुलांच्या ताटात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले हा मंडळाचा मोठेपणा आहे. भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. माझे माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पुढची शाळा लांब पडे, म्हणून सातवीनंतर दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. तेव्हा पुस्तकातले मला फार सांगता येणार नाही. जे चुलीपुढे, वावरात आणि गेल्या वर्षी शाळेच्या स्वयंपाकाच्या खोलीत शिकले, तेवढे सांगते. काही आकडे गुरुजींना विचारून कागदावर लिहून आणले आहेत. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आपल्या मंडळाने शेजारच्या शाळेत जे काम केले त्याची हकीकत मी सांगावी, असे अध्यक्षबाईंनी सुचविले. काम तसे लहान आहे. आपल्या शिवारात पिकणारे धान्य, कडधान्य आणि भाजी आपल्या मुलांच्या शाळेतल्या जेवणात यावी, एवढेच. परंतु त्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून बाकीचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

आमचे घर अकोल्यात असले तरी थोडी जमीन वर डोंगराकडे आहे. त्यातले खाचर भाताचे आणि वरचा उतार नागलीचा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई दरवर्षी ज्येष्ठात नागलीचे रोप टाकीत, आषाढात भर पावसात लावणी करीत, आणि दिवाळीच्या पुढेमागे कणसे घरात येत. त्यांतली भरघोस कणसे निवडून त्या चुलीच्या वर आढ्याला टांगीत. धुराने त्यांना कीड लागत नसे. तेच पुढच्या सालचे बी. ते बी त्यांना त्यांच्या सासूने दिलेले होते.

माझी थोरली मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेत खिचडी मिळे, तरी लहान सुटीसाठी मुली घरून डबा नेत. आमच्या मुलीच्या डब्यात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी असे. एक दिवस ती रडत घरी आली. वर्गातल्या पोरी म्हणाल्या होत्या, "हिची भाकर काळी." मला फार लागले. त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, उद्यापासून पोरीच्या डब्यात ही काळी भाकर नको. चारचौघींत बरं दिसत नाही. गव्हाची चपाती देत जाऊ."

त्या काही बोलल्या नाहीत. हातातले काम करीत राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांनी रोप कमी टाकले. त्याच्या पुढच्या वर्षी टाकलेच नाही. आढ्याची कणसे काही उंदरांनी नेली, काही जुनी होऊन गेली. आज त्या उतारावर गवत आहे.

मैत्रिणींनो, दुष्काळाने नाही, रोगाने नाही, माझ्या एका वाक्याने एका घराचे बियाणे संपले. आणि हे मला कळायला बारा वर्षे लागली.

आता शाळेच्या जेवणाकडे येते. आपल्या मुलांना दुपारी शाळेत गरम जेवण मिळते, ही लहान गोष्ट नाही. मी शाळेत होते तेव्हा ते नव्हते. फडक्यात बांधलेली भाकरी, नाहीतर उपास. तमिळनाडूकडे, त्या वेळच्या मद्रास राज्यात, कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ साली शाळेत जेवण देण्याची मोठी योजना सुरू झाली. आपल्या देशभर ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली. पण प्रथम पुष्कळ राज्यांत शिजवलेले अन्न नसे. हजेरी चांगली असलेल्या मुलामागे महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळे. पुढे २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलांना शाळेतच शिजवलेले जेवण मिळाले पाहिजे. त्यानंतर आपल्याकडे खिचडी आली. २०२१ पासून योजनेचे सरकारी नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले आहे, पण आपण सगळ्या अजून खिचडीच म्हणतो.

या जेवणाचे माप ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी. धान्य केंद्र सरकार देते. ते सोडून बाकीच्या सामानासाठी १ मे २०२५ पासून लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या मुलामागे १० रुपये १७ पैसे धरलेले आहेत. आपण घर चालविणाऱ्या बायका आहोत. पावणेसात रुपयांत डाळ, तेल, भाजी, मीठमसाला आणि जळण बसविणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

म्हणून आरंभीच सांगते, मी खिचडीच्या विरुद्ध बोलायला उभी नाही. पावसाळ्यात वरच्या वाड्यांवर कणग्या रिकाम्या होतात. त्या दिवसांत काही घरांतल्या लेकरांचे पोटभर जेवण ते शाळेतलेच असते. ज्या अन्नाने लेकराची भूक भागते त्याला नाव ठेवू नये. माझे म्हणणे एवढेच, की या ताटात आपल्या तालुक्याचे असे काय आहे?

तांदूळ सरकारी गोदामातून येतो. डाळ, तेल, मसाला ठेकेदाराकडून येतो. शाळेच्या हातात उरते ती भाजीपाला, इंधन आणि पूरक आहाराची थोडी रक्कम. आपल्याला आत शिरायला दार आहे ते तेवढेच, आणि ते अरुंद आहे.

आणि बाहेर पाहावे तर आपला तालुका काय कमी आहे? पूर्वेकडे प्रवरेच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो, बाजरी. पश्चिमेला भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाकडे पावसाच्या धारेखाली भात, नागली, वरई, खुरासणी. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, आपल्याच तालुक्याच्या हद्दीवर. त्या डोंगराच्या आधाराने किती जातीचे घेवडे, वाल, हुलगे, उडीद पिकतात, ते तिकडच्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे.

अशा एका बाईंना साऱ्या देशाने ओळखले. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. त्या शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण देशी वाणांचे बियाणे त्यांनी घराघरांतून गोळा केले, जपले, वाटले. बायफ संस्थेची मदत त्यांना झाली आणि त्यांच्या घरी बियाण्यांची बँक उभी राहिली. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांना बीजमाता म्हणतो. आपल्याला त्यांचा अभिमान आहे, सत्काराला आपण जातो, फोटो काढतो. पण घरी येऊन पोरांना दोन मिनिटांच्या शेवया करून देतो. मी माझ्यावरूनच सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी सासूबाईंना घेऊन एका बियाण्यांच्या प्रदर्शनाला गेले होते. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. तिथे मडक्यांत, टोपल्यांत बी मांडले होते. त्या एकेक बी तळहातावर घेऊन बोटांनी चाचपीत होत्या आणि नाव सांगत होत्या. घेवड्याचे बी हातात घेतले आणि म्हणाल्या, "हा माझ्या आईच्या परसात होता." नागलीपाशी आल्या. बराच वेळ दाणे बोटांत फिरविले, मग खाली ठेवले. म्हणाल्या, "ही हळवी दिसतीय. आपली गरवी व्हती. दाणा तांबडा. ती काय आता मिळायची नाही." मला बोल लावण्यासाठी त्या म्हणाल्या नाहीत. साधेच बोलल्या. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर मी मंडळाच्या बैठकीत हा विषय काढला. माझा विचार असा होता की, बियाणे मडक्यात फार वर्षे टिकत नाही. ते दरसाल पेरले तरच टिकते. कोणी खाणारे असेल तरच पेरले जाते. आणि ज्याला लहानपणी चव लागली तोच मोठेपणी खातो. मुलांनी नागली खाल्ली नाही, तर आणखी वीस वर्षांनी ती फक्त प्रदर्शनात उरेल. आणि मुले रोज एकत्र बसून, एकमेकांकडे पाहून जेवतात, अशी जागा एकच, ती म्हणजे शाळा. ज्या शाळेत माझ्या मुलीला भाकरीची लाज वाटली, तसल्याच शाळेत ती लाज गेली पाहिजे.

आता नागलीत आहे तरी काय, ते सांगते. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे ३० ग्रॅम, ओंजळीपेक्षाही कमी, नागली पोटात गेली तर दिवसाच्या गरजेचा सहावा हिस्सा भागला. दुधाचा पेला प्रत्येक घरी असतोच असे नाही. आपल्या आज्या बाळाला नागलीचे सत्त्व देत आणि बाळंतिणीला पेज देत, त्या काही वेड्या नव्हत्या.

प्रत्यक्ष काम कसे झाले ते आता सांगते. त्यात आमची फजितीही झाली, तीही सांगते, म्हणजे दुसऱ्या मंडळांना उपयोग होईल.

आधी मुख्याध्यापकांना भेटलो. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवला. ठरले ते असे, की नेहमीच्या खिचडीला हात लावायचा नाही. आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, तिच्या जोडीला नागलीचा एक पदार्थ द्यायचा. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेण्याचा जो नियम आहे, तो या पदार्थालाही लावायचा.

पहिल्या शुक्रवारी आम्ही भाकरी करायच्या ठरविल्या. मुले ६२. आम्ही चौघी जणी सकाळी नऊला बसलो. शेगडी एक, तवा एक. घंटा झाली तेव्हा एकवीस मुलांच्या वाटची भाकरी व्हायची होती, आणि पहिल्या केलेल्या भाकऱ्या निवून कडक झाल्या होत्या. घामाघूम होऊन बसलो होतो, तेव्हा शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, आज तुम्ही चौघी हाय. पुढच्या शुक्रवारी मी एकलीच असंल."

भगिनींनो, ते वाक्य मी कधी विसरणार नाही. आम्ही मुलांचा विचार केला, नागलीचा केला, पण जिच्या हातून हे रोज व्हायचे तिचा विचारच केला नव्हता. शाळेत खिचडी का होते? ती एका पातेल्यात, एका बाईच्या हातून, दीड तासात होते म्हणून. जो पदार्थ एका पातेल्यात होत नाही, तो शाळेत टिकणार नाही.

दुसऱ्या शुक्रवारी आंबील केली. एका पातेल्यात झाली खरी, पण आम्ही घरच्यासारखी ताकातली, आंबट केली. मुलांनी एकेक घोट घेतला आणि तोंडे वाकडी केली. निम्मी आंबील शेजारच्या गोठ्यात गेली. एक बाई मला म्हणाली, "सोडून द्या हो, आताच्या पोरांना नाही आवडत." मीही जवळजवळ सोडलेच होते.

त्या रात्री सासूबाईंनी विचारले, "मोड आणले व्हते का?" मी म्हणाले, नाही. त्या म्हणाल्या, "मग पोरं कशाला पितील?" त्यांनी सांगितले तसे केले. नागली धुऊन, खडा-माती काढून, रात्रभर भिजत घातली. फडक्यात बांधून ठेवली. दीड दिवसात बारीक मोड आले. सावलीत वाळविली, मंद आचेवर भाजली आणि दळली. मोड आल्याने धान्याला अंगचा गोडवा येतो, ते पचायला हलके होते आणि त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. हे पीठ आधी गार पाण्यात कालवायचे, नाहीतर गुठळ्या होतात. मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचे. वरून गूळ, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट. मावशींनी एकटीने अर्ध्या तासात केली.

तिसऱ्या शुक्रवारी पातेले रिकामे झाले. वरच्या ठाकरवाडीतून येणारा एक मुलगा आहे. वर्गात तो कधी तोंड उघडीत नाही, असे बाई सांगत. त्या दिवशी बाजूच्या मुलाने त्याला विचारले, हे कशाचे आहे रे? तो म्हणाला, "नागलीचं. आमच्यात रोज असतं." आणि मग कणीस कसे असते, पक्षी कसे हाकायचे, हे तो सगळ्या पंगतीला सांगत बसला. मी वाढीत होते. मला माझ्या मुलीचा डबा आठवला आणि पदर डोळ्यांना लावावा लागला.

आता हिशेब. ६२ मुलांना ३० ग्रॅमप्रमाणे एका वेळेला १ किलो ८६० ग्रॅम नागली लागते. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केला आहे. त्या भावाने ही नागली सुमारे ९१ रुपयांची, म्हणजे मुलामागे दीड रुपया. वर्षात ३६ शुक्रवार धरले तर ६७ किलो. एवढी नागली एका कुटुंबाच्या उताराच्या तुकड्यात पिकते. त्याच हंगामाला भाताचा हमीभाव २,३६९ रुपये आहे. नागलीचा त्याच्या दुप्पट, तरी लोक नागली सोडतात. का? भाव कागदावर असून चालत नाही. दारात गिऱ्हाईक लागते. वरच्या वाडीतली बाई पाच किलो नागली घेऊन कुठल्या केंद्रावर जाणार? पण तिच्या गावच्या शाळेला ती नक्कीच देऊ शकेल. एक शाळा म्हणजे एका उताराचे खात्रीचे गिऱ्हाईक.

ही कल्पना आपल्यालाच सुचली असे नाही. ओडिशात नागलीला मांडिया म्हणतात. तिथे केओंझर जिल्ह्यात २०२० पासून अंगणवाडीच्या मुलांना तिचे लाडू देऊ लागले. कर्नाटकात शाळेच्या मुलांना दुधातून नागली मिळते. आणि पार समुद्रापलीकडे ब्राझील देशात २००९ साली कायदाच झाला, की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांतले निदान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यात खर्च झाले पाहिजेत. तिथे शाळेचे ताट आणि शेजारचे शेत कायद्याने जोडले गेले. आपल्याकडे ते मंडळांनी जोडायला काय हरकत आहे?

भाजीचेही थोडे सांगते. शाळेच्या कुंपणाला मुलांनी घेवडा आणि वाल लावला, कोपऱ्यात दोन शेवगे. हात धुण्याचे पाणी चर खणून तिकडे वळविले. शेवग्याचा पाला प्रथम तसाच खिचडीत घातला, तर मुलांनी वेचून ताटाच्या कडेला लावला. आता मावशी तो बारीक चिरून डाळीबरोबर शिजवितात. रानभाज्यांचा आग्रह मात्र मी धरणार नाही. कुर्डू, तांदुळजा सगळ्यांच्या ओळखीचा. पण काही रानभाज्या उकळून पाणी टाकल्याशिवाय बाधतात. घरी जाणत्या बाईच्या देखरेखीखाली खा, साठ लेकरांच्या पातेल्यात परीक्षा नको.

काही भगिनींनी शंका काढल्या त्या रास्त आहेत. एक म्हणाली, "हे काम सरकारचे, आपण का करायचे?" सरकारचे आहेच. आपण शुक्रवारची पेज कायमची मंडळाच्या पदरची देऊ शकणार नाही, आणि देऊही नये. आपण करून दाखवायचे, हिशेब ठेवायचा आणि तो हिशेब घेऊन मागणी करायची, की पूरक आहारात इथली नागली इथल्या बायकांकडून घ्यावी. हातात हिशेब असला म्हणजे मागणीला जोर येतो.

दुसरी म्हणाली, "आमच्या पोरांना गरिबाचे अन्न कशाला?" बाई, २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटे मोठ्या किमतीला विकतात. जे अन्न आपण लाजेने टाकले, तेच लोक पैसे मोजून खातात. गरिबी अन्नात नव्हती, ती आपल्या मनात होती.

आता चार विनंत्या करते आणि संपविते.

पहिली. संक्रांतीला आपण वाण लुटतो. प्लास्टिकचे डबे, चाळण्या घरोघर साचल्या आहेत. येत्या संक्रांतीला घेवडा, वाल, शेवगा यांचे बी किंवा मोड आणलेल्या नागलीचे पीठ पुडीत बांधून लुटू या.

दुसरी. सरकारच्या योजनेतच तिथी भोजन म्हणून सोय आहे. घरातला वाढदिवस, वडिलांचे श्राद्ध, मुलीचे लग्न, अशा निमित्ताने शाळेतल्या मुलांना आपण पदरचे काही देऊ शकतो. त्या दिवशी बाजारची मिठाई नको. नागलीची पेज, शेंगदाण्याचा लाडू, नाहीतर हुलग्याची उसळ द्या.

तिसरी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यापैकी कितीजणी त्या समितीवर आहेत आणि घरी आलेल्या वहीवर नुसती सही करतात? बैठकीला जा. ताटात काय येते ते विचारा. ओरडायला नको, नुसते विचारले तरी पुष्कळ होते.

चौथी. ज्यांची जमीन वर आहे त्यांनी एक पट्टा तरी नागलीचा ठेवावा. आणि घरात कोणी वृद्ध आई, सासू, आजी असेल, तर तिच्याजवळ बसून तिच्या जुन्या बियांची नावे लिहून घ्यावीत. मी फार उशिरा बसले.

मैत्रिणींनो, या साली आम्ही त्या उतारावरचे गवत काढले आणि नागली लावली. बी माझ्या भावाने माहेराहून दिले. कणसे चांगली आली. थोरली मुलगी सुटीत आली होती, ती काढणीला बरोबर होती. सासूबाईंच्या हातात पहिले कणीस ठेवले. त्यांनी चाचपले आणि म्हणाल्या, "आपली नाही. पण चांगली हाय." मग स्वतःच दोरी मागितली आणि बियाण्याची जुडी बांधून आढ्याला टांगायला लावली.

त्या आज इथे पुढेच बसल्या आहेत. आत्याबाई, त्या दिवशी मी चुकले. हे मी आजवर घरात म्हटले नाही, ते आज सगळ्यांसमोर म्हणते.

जी वस्तू गेली ती गेली. पण जे वाण अजून कोणाच्या ना कोणाच्या आढ्याला टांगलेले आहे, ते पोरांच्या पोटातून पुढच्या पिढीपर्यंत पोचविणे आपल्या हातात आहे. पुढच्या शुक्रवारी पेज ढवळायला दोघीजणींची गरज आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी जाताना माझ्याकडे नाव द्यावे.